इस्को नावाचा जनरेटर

माझी सासू जनरेटरला नवऱ्याच्या नावाने हाक मारते आणि आमच्या गल्लीत कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

इस्को म्हणजे माझे सासरे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. जनरेटर घरी आला त्या दिवशी मी दोरी ओढली, तर तो आधी खोकला, मग त्याने धूर सोडला, आणि मग असा काही सुरू झाला की शेजारचं कुत्रं माझ्या ट्रायसिकलखाली जाऊन बसलं. सासू कमरेवर हात ठेवून बघत होती. आम्ही सगळे तिला इनाय, म्हणजे आई, म्हणतो. ती म्हणाली, "ढकलल्याशिवाय उठत नाही, उठला की धूर सोडतो, आणि एकदा सुरू झाला की बडबड थांबत नाही. हा तर आमचा इस्को!"

झालं. त्या दिवसापासून "इस्कोचं ऑइल बदललंस का?", "इस्कोवर पत्रा नीट टाक, भिजेल", "इस्को आज का कण्हतोय?" असं सुरू झालं. माझी बायको लुदी आधी लाजायची. आपल्या बापाचं ऑइल बदललं का म्हणून आईने जावयाला चारचौघांत विचारावं, हे तिला पटेना. पण पुढे तीही म्हणू लागली.

मी ट्रायसिकल चालवतो, म्हणजे मोटरसायकलला बाजूला डबा जोडलेली रिक्षा. दिवसभर बाजार ते चर्च, चर्च ते बाजार. त्यामुळे इंजिनातलं मला कळतं असा माझा समज आहे, आणि तो समज कुणी हलवलेला मला खपत नाही. बदकांतलं मात्र मला काही कळत नव्हतं. आमचं घर तळ्याच्या काठावर. मागे बांबूच्या कुंपणात इनायची बदकं. ही बदकं इस्कोंनी आयुष्यभर निवडून निवडून वाढवलेली. कुठली जास्त अंडी देते, कुठली आजारात टिकते, कुठली पिल्लांना तुडवत नाही, हे बघत बघत त्यांनी तो कळप घडवला होता. गावातले लोक म्हणायचे, इस्कोची बदकं लांबून ओळखू येतात. मला तर सगळी सारखीच दिसायची. माझ्यासाठी बदकाचं अंडं म्हणजे संध्याकाळी गाडी लावल्यावर मीठ-व्हिनेगर लावून खायचं गरम बालुत. आतलं पिल्लू अर्धवट वाढलेलं असतं, पण मी त्याच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. बघून कोण खातं?

बघायची वेळ इनायने आणली. घरात इस्कोंनी स्वतः ठोकलेली, अंडी उबवायची प्लायवूडची पेटी आहे, कपाटाएवढी. आत खण, मागे तापणारी तार, एक छोटा पंखा आणि दारावर थर्मामीटर. बालुतवाल्याला द्यायची ती अंडी आधीच निघून जातात, पण थोडी इनाय पिल्लांसाठी ठेवते. एकदा तिने मला हाक मारली. हातात अंडं होतं. डब्याला भोक पाडून आत बल्ब बसवलेला, त्यावर तिने ते धरलं.

"बघ."

"काय बघू?"

"डोळे आहेत ना? मग बघ."

अंडं आतून लाल उजळलं. त्या उजेडात बारीक बारीक शिरा पसरल्या होत्या. मधे एक काळा ठिपका होता, आणि त्याच्या शेजारी काहीतरी धडधडत होतं, सुईच्या टोकाएवढं. मी कितीतरी इंजिनं खोलली आहेत. प्रत्येक इंजिनाला कुणीतरी दोरी ओढावी लागते, किक मारावी लागते. याला कुणी सुरू केलं? मी इनायला तसं विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय विचारतोस? मी फक्त उबेला ठेवते."

त्या दिवसापासून माझं बालुत सुटलं. ट्रायसिकल स्टँडवरचे सगळे अजून हसतात. हसू देत.

मग एका पावसाळ्यात ब्राउनआउट झाला, वीज गेली ती दीड दिवस आलीच नाही. पेटीतली सगळी अंडी गेली. इनायने एकेक अंडं उजेडावर धरून पाहिलं. कुठेच काही हलत नव्हतं. तिने ती मागे केळीखाली पुरली आणि नंतर कितीतरी दिवस ती जेवताना बोलली नाही. तेव्हाच मी लुदीला म्हणालो, आता जनरेटर घ्यायचा.

दुकानात गेलो तर विक्रेता आम्हाला सरळ सगळ्यात मोठ्या जनरेटरपाशी घेऊन गेला. अख्खी शाळा चालेल असला राक्षस. मी म्हणालो, आम्हाला शाळा चालवायची नाही. मग त्याने विचारलं, काय काय चालवायचंय?

"पेटी," इनाय म्हणाली. "फ्रीज. पंखा. दोन दिवे. आणि व्हिडिओके."

"ते गाण्याचं मशीन कशाला, इनाय?" मी म्हणालो. "वादळात गाणार का तुम्ही?"

"वादळातच गावं लागतं. एरवी काय, कुणीही गातं."

मी तिला समजावलं. फ्रीज चालू होताना क्षणभर तिप्पट वीज ओढतो. पेटीची तार तापते, तीही खादाड. सगळ्याची बेरीज करायची, वर थोडी जागा ठेवायची, आणि तेवढाच जनरेटर घ्यायचा. छोटा घेतला तर दम लागून मरेल, मोठा घेतला तर रिकाम्या पोटी पेट्रोल पिऊन खराब होईल. हे सगळं मी फार विद्वानासारखं सांगत होतो. इनायने ते ऐकलं असावं असं वाटत नाही. ती विक्रेत्याला म्हणाली, "याला मधेच बंद पडायची सवय आहे का?"

"नाही हो, आजी. हा कधीच बंद पडत नाही."

"मग नको. कधीच बंद पडत नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. दुसरा दाखवा."

तिने तीन-चार चालू करायला लावले. प्रत्येकाच्या टाकीवर हात ठेवायची, डोळे मिटायची, आजारी बदकाच्या पोटावर हात ठेवावा तसं. शेवटी एका मधल्या आकाराच्या लाल जनरेटरवर तिचा हात राहिला. मलाही तोच हवा होता. पण तिला तसं सांगितलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसलो.

घरी आणल्यावर फादर ओनोफ्रे आले, त्यांनी त्यावर तीर्थ शिंपडलं. आमच्याकडे नवं काही आलं की, घर असो, गाडी असो की पंप, ते करावंच लागतं. मी मात्र टाकीचं झाकण घट्ट लावून घेतलं होतं. मग घरापासून दूर, तळ्याच्या बाजूला उंच चौथऱ्यावर पत्र्याची शेड बांधली, धुराचं तोंड पाण्याकडे केलं, कारण तो धूर घरात शिरला तर माणसं झोपेतच संपतात. आणि इनायने नियम घातला, की दर रविवारी चर्चच्या मिसाहून आल्यावर इस्कोला पाव तास चालवायचं, तेही पेटी जोडून, नुसतं नाही. मी दर रविवारी ऑइल बघायचो, फिल्टर झटकायचो, पेट्रोल मलमलच्या फडक्यातून गाळून भरायचो. इनाय शेजारी उभी राहून बोलायची. माझ्याशी नाही. इस्कोशी.

"ऐकलंस का, तुझी ती काळी बदकी परत बसली अंड्यांवर. हट्टी आहे, तुझ्यासारखी." मग त्याचा आवाज फारच वाढला की म्हणायची, "इस्को, जरा गप्प!" सासरे जिवंत असताना दिवसातून शंभरदा म्हणायची ना, तसंच.

त्या वर्षी वादळ आलं ते तीन नंबरचा इशारा घेऊन. वीज संध्याकाळीच गेली. मी इस्कोला चालू केलं, दोर बांधून घट्ट केलं, आणि आम्ही पेटीपाशी बसून राहिलो. पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस राहिले होते.

सकाळी दार उघडलं तर तळं आमच्या पायरीला लागलेलं. मागचं कुंपण नव्हतं. एक बांबूसुद्धा नव्हता. जिथे बदकं होती तिथे तपकिरी पाणी, आणि त्यावर तरंगणारी पानं, चपला, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची. दुपारपर्यंत मी आणि गल्लीतली माणसं होडीतून शोधत फिरलो. काही मेलेली सापडली. एकही जिवंत नाही.

इनाय पायरीवर उभी होती. रडली नाही. मी परत आलो तेव्हा तिने फक्त माझ्या हातांकडे पाहिलं, रिकामे आहेत का ते. मग विचारलं, "इस्को चालू आहे ना?"

तेवढ्यावर मला कळलं. त्या माणसाने आयुष्यभर घडवलेल्या कळपातलं आता जे काही उरलं होतं ते त्या पेटीत होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं. बाजारातून बदकं हवी तेवढी आणता आली असती, पण इस्कोची नसती.

इस्को दोन दिवस छान चालला. गल्लीतले लोक फोन चार्ज करायला येत होते, जाताना पेटीला हात लावून नमस्कार करत होते. गावातला पेट्रोल पंप पाण्याखाली होता. माझ्याकडे एकच कॅन उरला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तो मी टाकीत ओतला, झाकण अजून लावायचं होतं एवढ्यात लुदीने चहाला हाक मारली. मी आत गेलो. चहा पिऊन झाला नव्हता, तेवढ्यात बाहेर इस्को खोकला. पुन्हा खोकला. आणि बंद पडला.

मी कप तसाच ठेवून बाहेर धावलो.

दोरी ओढली. ओढत राहिलो. खांदा निखळायची वेळ आली. प्लग काढला, पुसला, घासला, परत बसवला. फिल्टर काढला. ऑइल बघितलं. सगळं ठीक. दुकानदाराला शिव्या घातल्या, कंपनीला घातल्या, वादळाला घातल्या. लुदीने पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या. थर्मामीटरही त्याखाली झाकला गेला, आणि खरं सांगतो, तो दिसत नाही याचं मला बरंच वाटलं. पेटी उघडायची नाही, आतली ऊब जाईल, असं इनाय एकदाच म्हणाली. मग ती शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. काही बोलेना. इस्कोशीही नाही.

शेजारचे आंबोकाका, म्हातारे कोळी, होडीतून ओरडले, "डेलफिन, पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल रे."

"माझ्या पेट्रोलमध्ये?" मी उखडलो. "मी फडक्यातून गाळून भरतो! पावसाचा एक थेंब आत जाऊ दिलेला नाही मी."

"बरं बाबा. तुझंच इंजिन, तुझीच अक्कल."

ऊन चढत गेलं. माझे हात टेकले. मी डोकं धरून खाली बसलो, तेव्हा इनायच्या झग्याच्या खिशातून काहीतरी निळं डोकावताना दिसलं. एक झाकण होतं ते. आमच्या देव्हाऱ्यातल्या बाटलीचं. माउली मेरीच्या आकाराची प्लास्टिकची बाटली, निळ्या मुकुटाचं झाकण, आणि आत ईस्टरच्या रात्री चर्चमधून भरून आणलेलं तीर्थ. वर्षभर पुरवायचं असतं ते, ताप आला, वीज कडाडली की थेंबभर.

"इनाय," मी म्हणालो. "बाटली कुठे आहे?"

तिने ती खिशातून काढली. माउली रिकामी होती.

"तू चहाला गेलास," ती म्हणाली. "झाकण उघडं होतं. मी म्हटलं... फादरनी वरून शिंपडलं, ते बाहेरच राहिलं. दमला असेल तो. दोन दिवस एकटा जागतोय. थोडं आत जाऊ दे. मी पाजलं त्याला, डेलफिन. मीच मारलं का पिल्लांना?"

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला होता. तोंडात शब्द तयार होते. पण ती बाटली तिने दोन्ही हातांत अशी धरली होती की ते शब्द तिथेच विरले. हिने घरात होतं नव्हतं ते सगळं तीर्थ एका यंत्राला पाजलं होतं, कारण ते दमलं असेल असं हिला वाटलं. मला कुणी कधी असं थेंबभरही पाजलं नाही.

"कुणी कुणाला मारलेलं नाही," मी म्हणालो. "मला बाटल्या आणा. काचेच्या. सगळ्या."

इस्कोंच्या वेळच्या जिनच्या रिकाम्या बाटल्या इनायने अजून टाकलेल्या नाहीत. लुदीने त्या आणल्या. मी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल केला, टाकी रिकामी केली, आणि सगळं त्या बाटल्यांमध्ये भरून पायरीवर उन्हात ओळीने ठेवलं.

मग आम्ही तिघं बघत बसलो. आधी नुसतं गढूळ दिसलं. हळूहळू ते निवळलं, आणि प्रत्येक बाटलीत एक रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाणी, स्वच्छ, चमकणारं, आणि दोघांच्या मधे केसाएवढी सरळ रेघ. शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता. ऊन त्यातून आरपार जात होतं. शेजारी तळ्यात सगळं गाव एकात एक कालवून टाकलेलं, आणि इथे आमच्या पायरीवर दोन गोष्टी आपापल्या जागी जाऊन शांत बसलेल्या. इनायने क्रूस केला. मीही केला. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

रबराच्या नळीने मी वरचं पेट्रोल अलगद काढलं. टाकी फडक्याने कोरडी पुसली, वाटी पुसली, नळी फुंकली. खालचं पाणी फेकून द्यायला निघालो तर इनायने हात धरला. "ते तीर्थ आहे." पेट्रोलचा वास मारणारं ते पाणी तिने केळीच्या बुंध्याशी ओतलं, जिथे आधीची अंडी पुरली होती.

दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इस्को खोकला, आणि सुरू झाला. गल्लीतून आरोळी उठली. आंबोकाका होडीत उभे राहून टाळ्या वाजवू लागले, होडी उलटता उलटता राहिली.

मी मात्र आत जायला घाबरत होतो. सकाळची दुपार झाली होती. एवढा वेळ तार थंड होती. गेल्या वेळचं मला आठवत होतं. इनायने गोधड्या एकेक करून काढल्या. शेवटची ती काढेना, म्हणून मी काढली.

थर्मामीटर जिथे असायला हवा तिथून जेमतेम एक रेघ खाली होता.

मला वाटलं बिघडला. मी दार उघडून हात आत घातला. ऊब. तारेची नाही, तार तर आत्ता कुठे तापायला लागली होती. मी एक अंडं उचललं. ते माझ्या तळव्यापेक्षा गरम होतं. दुसरं उचललं. तेही.

"इनाय, हे कसं?"

तिने हात फिरवला, एका खणावरून, दुसऱ्यावरून. "शेवटच्या दिवसांत ती आपली आपण तापतात. माझा बाप नवी अंडी जुन्यांच्या कुशीत ठेवायचा, ऊब मिळावी म्हणून. मला माहीत होतं. पण इतका वेळ? इतका वेळ ती एकमेकांना धरून राहतील, हे मला माहीत नव्हतं."

मी बाहेर एका जनरेटरसाठी जीव काढत होतो, आणि आत त्या अंधाऱ्या पेटीत खणभर जनरेटर चालू होते. दोरी नाही, पेट्रोल नाही. एकेकाची ऊब ती काय असणार? पण ती एकमेकांना लागून बसली होती.

इनायने एक अंडं कानाला लावलं. भुवया आकसल्या. बाहेर इस्को धडधडत होता, भिंत हादरत होती. तिने दुसरा कान लावला. मग ती वैतागून खिडकीकडे वळली, आणि सवयीने ओरडली, "इस्को, जरा गप्प!"

मी पळत गेलो आणि बटण बंद केलं.

सगळं गाव ब्राउनआउटमध्ये होतं. पंखे नाहीत, रेडिओ नाहीत, पंप नाहीत. इस्को थांबला तशी अशी शांतता पडली की तळ्याचं पाणी पायरीला लागलेलं ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत, पेटीतून, आवाज. टिक टिक. मग चिवचिव, अगदी बारीक, कवचाच्या आतून. एका खणातून आली, की दुसऱ्या खणातून तिला उत्तर जायचं. जन्मायच्या आधीच ती एकमेकांशी बोलत होती. वरच्या खणात एका अंड्याला बारीक तडा गेला होता आणि त्यातून एक टोक हलत होतं.

इनायने तोंड पेटीजवळ नेलं आणि इस्को संध्याकाळी बदकांना खायला बोलवायचे तशी हाक घातली. "बीबीबीबी..." चिवचिव क्षणभर थांबली. आणि मग सगळे खण एकदम बोलू लागले.

लुदी दारात रडत होती. मी तर आधीपासूनच रडत होतो. गल्लीतले लोक खिडकीशी गोळा झाले आणि कान देऊन ऐकू लागले.

आम्ही किती वेळ ऐकत राहिलो कोण जाणे. इनायच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, आता ही इथून हलायची नाही. पण थोड्या वेळाने तिने डोकं वर केलं आणि शेडकडे पाहिलं. तिथे इस्को पत्र्याखाली मुकाट बसला होता.

"जा, चालू कर त्याला," ती म्हणाली.

"थांबा ना जरा. ऐकू दे अजून. ऊब आहे आत."

"नको. चालू कर." तिने डोळे पुसले. "इतकी वर्षं गप्प बस, गप्प बस म्हणत आले. गप्प बसलेला बघवत नाही रे मला."

मी शेडमध्ये गेलो, आणि या वेळी तो पहिल्याच ओढीला सुरू झाला.